साक्षीदार म्हणून सही माझी, आणि पेशंटला माहीतच नाही काय काढणारेत

रात्रपाळी_जीएनएम

नमस्कार सगळ्यांना. खूप दिवस इथे नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर माफ करा. मी जीएनएम आहे, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली सिस्टर, मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी १५ बेडच्या खाजगी हॉस्पिटलमधे ४ वर्षं झाली. नाव गाव लिहीत नाही.

आमच्याकडे पोळा झाला की पिशवीची ऑपरेशनं वाढतात. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, पिशवी म्हणजे गर्भाशय. दसरा दिवाळीला टोळ्या ऊसतोडीला निघतात, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे हातात आलेले असतात आणि एकदा फडात गेलं की सहा महिने दवाखाना नाही, म्हणून बायका जायच्या आधी दुखणं मिटवायला येतात. तर मागच्या पंधरवड्यात एक जण आली, वय २७, दोन मुलं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. अंगावरून पांढरं जातंय आणि ओटीपोटात, कंबरेत दुखतंय एवढीच तक्रार. सोनोग्राफी झाली, सरांनी नवऱ्याला सांगितलं पिशवीला सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी केस लावली.

रात्री फाइल माझ्याकडे. संमतीपत्र छापील, ऑपरेशनचं नाव इंग्रजीत, मी शाईचं पॅड घेऊन अंगठा घ्यायला गेले तर ती मला विचारते, "सिस्टर, पिशवी धुणारेत ना उद्या? मग वरसाच्या वरसाला धुवाय लागती का?"

मी तिथंच थांबले. तिला वाटत होतं पिशवी धुणार, म्हणजे क्युरेटिन, पिशवी आतून साफ करतात ते. काढून टाकणार हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, नवऱ्याला सांगितलं होतं आणि त्याने "ऑपरेशन हाय" एवढंच सांगितलेलं. मी अंगठा न घेता खाली आले आणि सरांना फोन केला की सर पेशंटला नीट कळलेलं नाही, तुम्ही एकदा बोलाल का. सर म्हणाले तू डॉक्टर आहेस का, नवऱ्याला सगळं माहितीये, सही घे आणि झोप. मी म्हटलं सर मी साक्षीदार म्हणून सही करणार नाही. एवढं म्हणताना माझे हात थरथरत होते.

सकाळी काय झालं तर सही आमच्या ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या मुलाने केली, अंगठा नवऱ्याने धरून घेतला, ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी ती घरी गेली. मला बोलावून सांगितलं की पुन्हा असं झालं तर दुसरीकडे नोकरी बघ.

मला दोन गोष्टी खातायत. एक, मी सही केली नाही, पण तिला तोंडाने सांगितलं पण नाही की बाई तुझी पिशवी काढणारेत. मी फक्त माझे हात स्वच्छ ठेवले. दुसरी, याआधी ४ वर्षांत अशा किती कागदांवर मी सही केलीये ते मी मोजलेलं नाही. पुढच्या गुरुवारी अजून एक केस लागलीये, ३१ वर्षांची. मी काय करू, खरंच सांगा.

निवृत्त_परिसेविका

बाळ, आधी एक सांगते, थरथरत्या हाताने नाही म्हणालीस तेच अवघड असतं. मी ३३ वर्षं सरकारी नोकरी केली, स्टाफ नर्स म्हणून लागले आणि परिसेविका म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून रिटायर झाले, आणि मला पहिल्यांदा नाही म्हणायला ११ वर्षं लागली होती. त्यामुळे स्वतःला जास्त बोलू नकोस. पण तू लिहिलंस ना, फक्त माझे हात स्वच्छ ठेवले, ते मात्र खरं आहे आणि ते तुझं तुला कळलं हे बरं झालं.

आता कामाचं. साक्षीदाराची सही म्हणजे काय हे आपल्याला शाळेत कुणी धड शिकवत नाही, आपण समजतो की अंगठा घेताना आपण उभं होतो म्हणून सही. समजावून सांगणं आणि संमती घेणं हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचं काम, ते त्यांनी पॅड देऊन तुझ्यावर ढकलायचं नाही. तू बघितलंस की पेशंटला समजावलं, पेशंटने स्वतः हो म्हटलं, मग साक्षीदार हो. जे बघितलं नाही त्याची साक्ष देऊ नको, इतकं साधं.

आणि नर्सेस नोट्स लिहीत जा. मत नाही लिहायचं, "डॉक्टर चुकीचे" वगैरे अजिबात नाही. वेळ टाकायची आणि जे घडलं ते. रात्री १०.४०, पेशंट विचारते पिशवी धुणार का, ऑपरेशन कोणतं हे तिला माहीत नाही असं दिसतं, १०.५० ला डॉक्टरांना फोनवर कळवलं. बस. त्या दोन ओळी फाइलमधे असल्या की दुसऱ्या दिवशी सही करणाऱ्याला पण दहादा विचार करावा लागतो आणि डॉक्टरला पण.

फोनवर बोलायची पण एक रीत असते गं. रात्री अकराला "मी सही करणार नाही" म्हटलं की समोरचा अडून बसतो. मी म्हणायचे, सर पेशंट म्हणतेय पिशवी धुणार, उद्या काढल्यावर माहेरची माणसं आली तर भांडण होईल, तुम्ही सकाळी ओटीआधी दोन मिनिटं बोला, मी उभी राहते बाजूला. यात कमीपणा काही नाही. आपल्याला वाद जिंकायचा नसतो, बाईला कळलं पाहिजे एवढंच असतं.

अजून एक. मी शिकत होते तेव्हा मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचा विषय आमच्यात सारखा निघायचा. अरुणा शानबाग, तिथलीच स्टाफ नर्स, २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन ती कायमची अंथरुणाला खिळली आणि त्यानंतर १८ मे २०१५ ला जाईपर्यंत, ४२ वर्षं, तिला तिथल्या सिस्टर्सनी सांभाळलं. महापालिकेने तिला तिथून हलवायचं म्हटलं तेव्हा नर्सेस आडव्या उभ्या राहिल्या. तिला दयामरण द्या अशी याचिका झाली तेव्हा २०११ ला सुप्रीम कोर्टाने सुद्धा मानलं की तिच्या वतीने बोलायचा हक्क केईएमच्या स्टाफचा. दयामरणाबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटो, मला त्यातलं एकच दिसतं, जिला बोलता येत नव्हतं तिच्यासाठी त्या बोलल्या, आणि पिढ्या बदलल्या तरी बोलत राहिल्या. पण त्या खूप जणी होत्या गं. तू एकटी आहेस. म्हणून सांगते, एकटी राहू नको. दिवसपाळीची जी कोण आहे तिला विश्वासात घे. दोघींनी सही नाही म्हटलं की ओटीतल्या मुलाला पण बळ येतं.

पुण्यातली_आयसीयू_सिस्टर

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. छोट्या हॉस्पिटलमधे पगार किती असतो आपल्याला सगळ्यांना माहितीये, घरी कोण कोण अवलंबून असतं ते पण. सगळ्यांना इथे बसून हिंमत दे म्हणणं सोपं आहे. ताई तू नोकरी सोडायच्या भाषेत जाऊ नकोस आणि त्यांना काढायचं निमित्त पण देऊ नकोस. कारण तू गेलीस तर तुझ्या जागी बारावी झालेली एखादी मुलगी तीन महिन्यात इंजेक्शन शिकवून उभी करतील, तिला संमतीपत्र म्हणजे काय हे पण माहीत नसणार, मग त्या बायकांना विचारणारं कोणीच नाही. तू तिथे असणं हेच त्यांच्या कामाचं आहे. म्हणून जपून, पण गप्प नको.

ग्रामीण_स्त्रीरोग

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सरकारी ग्रामीण रुग्णालयात. या धाग्यावर डॉक्टरने बोललं पाहिजे म्हणून लिहिते.

२७ वर्षांच्या बाईला अंगावरून पांढरं जातंय ही पिशवी काढायची गोष्ट नाही. बहुतेक वेळा ते इन्फेक्शन असतं, तपासून गोळ्यांनी बरं होतं. सरकारी दवाखान्यात त्यासाठी रंगांची किट असतात, पांढरं जाण्यासाठी हिरवं, ओटीपोटात दुखण्यासाठी पिवळं, फुकट. नवऱ्याला पण औषध द्यावं लागू शकतं, नाहीतर पुन्हा होतं आणि बाईला वाटतं गोळ्यांनी फरक पडत नाही. कॅन्सरची भीती असेल तर तपासणी आहे, तिशीनंतर व्हाया म्हणजे व्हिनेगरसारखं औषध लावून पिशवीचं तोंड बघायचं, पाच मिनिटांचं काम. सोनोग्राफीत सूज आहे म्हणून कॅन्सर होईल, हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की मला आता ते पाठ झालंय, आणि वैद्यकशास्त्रात त्याला काही आधार नाही.

पिशवी लहान वयात काढली तर अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचा त्रास काही वर्षं आधी सुरू होऊ शकतो. अंडाशय पण काढले तर एका रात्रीत होतो. अंगातून वाफा, झोप नाही, हाडं ठिसूळ, आणि या बायका मोळ्या उचलणार. त्यांना कुणी हार्मोनच्या गोळ्या देत नाही की कॅल्शियम देत नाही.

हे नवीन नाही. २०१९ ला बीडचा विषय गाजला तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२,३०९ ऊसतोड बायकांचा सर्व्हे झाला, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. त्यानंतर बीडमधे खाजगीत पिशवी काढायला जिल्हा शल्य चिकित्सकांची परवानगी लागायला लागली. २०२३ ला सुप्रीम कोर्टाने पण सगळ्या राज्यांना अनावश्यक पिशव्या काढण्याबद्दलच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं, त्यात चाळिशीच्या आतल्या बाईसाठी दुसऱ्या डॉक्टरचं मत हवं असं आहे. तेव्हा गुरुवारच्या ३१ वर्षांच्या पेशंटच्या फाइलमधे दुसऱ्या डॉक्टरचा कागद आहे का ते बघ. नसेल तर हा प्रश्न तुझ्या धाडसाचा राहत नाही, "सर, फाइल पूर्ण नाही" एवढंच म्हणायचं.

पण एक कडू गोष्ट पण सांगते. माझ्याकडे बायका स्वतः येऊन म्हणतात मॅडम पिशवी काढून टाका, एकदाची कटकट जाऊ द्या. फडात ना संडास ना पाणी, पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, एक दिवस बसलं तर कोयत्याचा, म्हणजे नवराबायकोच्या जोडीचा खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो. मी नाही म्हटलं तर त्या दुसरीकडे जातात. म्हणजे काही जणींची संमती असते, पण ती कशातून आलेली असते ते बघा. त्यांना मी खोटं पाडू शकत नाही. फक्त काढल्यावर काय होतं ते पूर्ण सांगून मग विचारते. पूर्ण सांगितल्यावर बऱ्याच जणी म्हणतात थांबते.

कोयत्याची_लेक

माझी आई ऊसतोड कामगार. मी आता डीएड करून शिकवते. आईची पिशवी काढली तेव्हा ती पंचविशीत होती आणि मी दुसरीला. तिला पण पांढरं जायचं. उचलीतले पैसे त्यात गेले, मग ती उचल फेडायला पुढचा हंगाम, त्याच्या पुढचा हंगाम. चाळिशीच्या आत तिला बसलेली उठता येईना. रात्री थंडीत पण गोधडी फेकून द्यायची, अंगाची आग आग म्हणायची, आम्हाला वाटायचं देवीचं काहीतरी आहे.

मला लिहायचंय ते हे. डॉक्टरचं नाव आईला आठवत नाही. तोंड पण नीट आठवत नाही, तो पाच मिनिटं भेटला असेल. पण ती सिस्टर आठवते. म्हणते, गोरी होती, नवीन लग्न झालेलं, हातात हिरवा चुडा, तिनं मान खाली घालून अंगठा घेतला आणि गेली. मी तिला विचारलं आई तू का नाही विचारलंस काय करणारेत. म्हणाली, डॉक्टरला कसं विचारावं गं, सिस्टरला विचारणार होते, पण तिनं वर बघितलंच नाही.

ताई तुमच्या पेशंटने तुम्हाला विचारलं. म्हणजे तुम्ही वर बघितलं असणार. गुरुवारच्या बाईकडे पण बघा. बाकीचं मला काही कळत नाही.

लीड्सची_कोल्हापूरकर

वरची पोस्ट वाचून दहा मिनिटं काही लिहिता आलं नाही.

मी इंग्लंडमधे थिएटर नर्स आहे, एक युक्ती सांगते जी तिथे पण चालेल. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची चेकलिस्ट आहे, १९ मुद्द्यांची, २००८ पासून जगभर वापरतात, भारतात एनएबीएच हे दर्जाचं प्रमाणपत्र घेतलेल्या हॉस्पिटलमधे तर असतेच. त्यात भूल द्यायच्या आधी पेशंटला तिच्याच तोंडून विचारायचं असतं, नाव काय, आज कुठलं ऑपरेशन आहे, संमती दिली का. तुमच्याकडे भूलतज्ज्ञ बाहेरून येत असणार, छोट्या ठिकाणी तसंच असतं. ते तुमच्या सरांचे नोकर नाहीत. त्यांच्यासमोर टेबलवर पेशंटला मोठ्याने विचारा, मावशी आज काय ऑपरेशन आहे तुमचं? ती म्हणाली पिशवी धुणार, तर ते भूलतज्ज्ञाने पण ऐकलं. मग भूल द्यायची का हा प्रश्न त्याचा. पण हे अगदी शेवटचं दार आहे, टेबलवर झोपलेली बाई घाबरलेली असते, वॉर्डमधेच झालं तर चांगलं.

वकील_लातूर

थोडक्यात कायद्याचं. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, सुप्रीम कोर्ट, जानेवारी २००८. दिल्लीची ४४ वर्षांची बाई, दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिली, ती बेशुद्ध असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. कोर्ट म्हणालं तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नाही, आणि सज्ञान बाई थोड्या वेळाने शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकत असेल, जीवाला तातडीचा धोका नसेल, तर दुसऱ्या कुणाचीही संमती चालत नाही, आईची पण नाही. डॉक्टरला फी नाकारली आणि २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. तेव्हा "नवऱ्याला सगळं माहितीये" याला कायद्यात किंमत नाही. अंगठा धरून घेतला असेल तर ती संमतीच नाही. आणि त्या ओटीतल्या मुलाला समजावा, उद्या केस झाली तर साक्षीदार म्हणून पहिलं समन्स त्यालाच येणार.

रात्रपाळी_जीएनएम

सगळ्यांचे खूप आभार, उत्तर द्यायला दहा दिवस लागले. काय झालं ते सांगते.

दिवसपाळीच्या सिस्टरशी बोलले. ती आधी घाबरली, मग म्हणाली माझ्या पण पोटात हेच होतं गं कधीचं. बुधवारी संध्याकाळच्या राउंडला मी मुद्दाम थांबले, ड्यूटी नव्हती तरी. ३१ वर्षांच्या बाईंजवळ सर आले तेव्हा मी अगदी साध्या आवाजात म्हटलं, ताई सांगा बरं सरांना, उद्या तुमचं काय ऑपरेशन आहे? त्या म्हणाल्या, सूज काढणार. मी सरांकडे बघितलं नाही, फाइलकडे बघत म्हटलं सर दुसऱ्या डॉक्टरांचा कागद पण राहिलाय यात. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग सरांनी स्टूल ओढलं आणि बसले. ४ वर्षांत मी त्यांना वॉर्डात बसलेलं पहिल्यांदा बघितलं. सांगितलं त्यांनी, पूर्ण नाही, पण पिशवी काढणार आणि पाळी येणार नाही एवढं सांगितलं. बाई एकदम उठून बसल्या, म्हणाल्या मला आईला विचारायचंय. गुरुवारी सकाळी घरी गेल्या. नवरा डिपॉझिटवरून काउंटरवर बराच वेळ भांडत होता. जाताना मी त्यांना ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीचा वार सांगितला आणि त्यांच्या गावच्या आशाताईला फोन केला. त्या तिथे गेल्या, का दुसऱ्या खाजगीत गेल्या, अजून कळलेलं नाही.

सर माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. पुढच्या महिन्याच्या सगळ्या नाईट मला लावल्यात. नोकरी आहे अजून.

आणि ती २७ वर्षांची, टाके दाखवायला आली होती काल. नवरा बाहेर गाडी लावत होता. मी ड्रेसिंग रूमचं दार लोटलं आणि सांगितलं तिला, की तुझी पिशवी धुतली नाही, काढलीये. मला वाटलं रडेल, माझ्यावर ओरडेल. ती खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "म्हंजी आता वरसाला यायचं न्हाई?" मी नाही म्हटलं. "आन पाळी?" मी म्हटलं ती पण येणार नाही. तिने पदर नीट केला आणि म्हणाली, आधी सांगितलं असतं तर आईला तरी इचारलं असतं.

मी सॉरी म्हटलं तिला. अजून काय म्हणणार.

ग्रामीण मॅडम, तुम्हाला एक विचारायचं होतं. तिच्या डिस्चार्ज कार्डावर अंडाशयांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि काढलेली पिशवी तपासणीला लॅबला पाठवल्याचा रिपोर्ट पण मला दिसला नाही. आज रात्री ड्यूटीवर गेल्यावर फाइल काढून ओटी नोट्स बघणारे. अंडाशय काढले असतील तर तिला तुमच्याकडे पाठवू का, कुठल्या वारी? टोळी दिवाळीआधी निघणारे, त्याच्या आत व्हायला पाहिजे.

ग्रामीण_स्त्रीरोग

मंगळवार किंवा शुक्रवार, सकाळी ९ ते १२. कार्ड आणि सोनोग्राफी घेऊन ये म्हणावं. नवरा येत नसेल तर आशाताईला सोबत पाठव, आणि केसपेपर काढायला रांगेत थांबू नकोस म्हणावं, सरळ माझ्या टेबलाशी ये.